मदत हवी आहे : भाऊ जामिनावर सुटलाय, गोळ्या बंद आहेत

नमस्कार. आम्ही कळव्याचे. धाकटा भाऊ अडीच वर्षं कच्चा कैदी होता, गेल्या मंगळवारी जामिनावर सुटला. कुठल्या तुरुंगातून ते लिहीत नाही.

पहाटे साडेपाचला उठतो, पांघरुणाची घडी करून उशाशी ठेवतो आणि उकिडवा बसून राहतो, गिनती व्हायची असल्यासारखा. दार उघडंच असतं, तरी "ताई, बाहेर जाऊ का?" विचारतो. काल रात्री म्हणाला, "आतच बरा होतो, तुमच्या डोक्याला ताप तरी नव्हता." मग भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहिला.

आत मानसोपचाराच्या गोळ्या चालू होत्या हे आम्हाला तो घरी आल्यावर कळलं. पिशवीत कपडे आणि जामिनाचे कागद, गोळ्या नाहीत, चिठ्ठी नाही. आठवडा झाला.

आईच्या बीपीच्या गोळ्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्यात. त्याला एकटं सोडत नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेलं तर भरतीच करतात का? केसवर परिणाम होईल का? आणि जिवाचं काही मनात आहे का हे सरळ विचारू, की विचारल्याने डोक्यात भरेल?

प्रतिसाद :
ताई, आजच विचारा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं स्पष्ट. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. "रुळेल हळूहळू" म्हणून थांबू नका. २००६ साली छापून आलेल्या इंग्लंड-वेल्सच्या अभ्यासात, सुटकेनंतर वर्षभरात जीव दिलेल्यांपैकी सुमारे पाचातला एक पहिल्या २८ दिवसांतला होता.

मनोरुग्णालयात ओपीडी आहे, दाखवायला गेलं म्हणजे भरती नव्हे. गोळ्या तुटल्यात हे सगळ्यात आधी सांगा. नावं आठवत नसतील तर रंग, आकार, सकाळची की रात्रीची, हे त्याच्याकडून लिहून घ्या. उपचार घेतले म्हणून जामीन रद्द होत नाही. फक्त कोर्टाची तारीख चुकणार असेल तर वकिलाला आधी कळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचे कागद मागायचा हक्क त्याला आहे, अर्ज त्याच्या सहीने करा. पण कागदांसाठी डॉक्टरकडे जायचं लांबवू नका.

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तो "हो" म्हणाला तर सकाळची वाट बघू नका, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कॅज्युअल्टीला न्या.

धागाकर्ती :
विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग "हो" अशी मान हलवली आणि रडला. आल्यापासून पहिल्यांदा. १४४१६ वर त्याच्याशी बोलणं झालं. रिक्षा खाली आलीय, मी आणि आई दोघी सोबत निघतोय.