मदत हवी आहे: 'शेकरू' कार्ड दोन मानाला जास्तच भारी पडतंय

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळासाठी घरच्या घरी एक क्रीचर (लढणारा प्राणी) कार्ड बनवतोय, शेकरूचं. हिरवा रंग, एक हिरवा आणि एक कोणताही असा दोन माना (पत्ता उतरवायला लागणारी शक्ती) खर्च, 2/3 (मारा 2, सहनशक्ती 3), रीच (झाडाच्या शेंड्यावरच राहणारा प्राणी, त्यामुळे उडणाऱ्यांना अडवणारच). शिवाय माझ्या बाजूला लँड (माना देणारा पत्ता) आली की शेकरूवर एक +1/+1 काउंटर, म्हणजे दोन्ही आकडे कायमचे एकाने वाढतात.

घोळ इथेच आहे. इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स (स्वतःचा बळी देऊन डेकमधून दुसरी लँड आणणारी लँड) खेळून लगेच फोडली की एका टर्नमध्ये दोन लँड येतात, म्हणजे दोन काउंटर. तिसऱ्या आणि चौथ्या टर्नला असं झालं, की दुसऱ्या टर्नला उतरवलेलं शेकरू चौथ्या टर्नला 6/7! समोरचा मित्र पत्ते खाली ठेवून चहा करायला गेला.

खर्च तीन माना करून पाहिला, पण मग ते येईपर्यंत समोरचा बोर्ड भरलेला असतो. काउंटरऐवजी टर्न संपेपर्यंत +1/+1 हेही करून पाहिलं. बचावात काहीच उपयोग नाही, रीच वाया. रीच काढायचा नाहीये, नाहीतर ते शेकरू कसलं?

आम्ही चौघं 60 पत्त्यांचे डेक खेळतो, स्पर्धा वगैरे नाही. कार्ड साध्या कागदावर छापून स्लीव्हमध्ये जुन्या पत्त्यापुढे सरकवतो, त्यामुळे बदल कितीही चालतील. 2024 पासून पत्त्यांवर 'एंटर्स द बॅटलफील्ड'ऐवजी नुसतं 'एंटर्स' लिहितात हे माहीत आहे, तेव्हा शब्दरचना नको, आकडे हवेत.

दोन माना ठेवून 'प्रत्येक टर्नला एकदाच' अशी अट घालू, की सुरुवातच 1/2 ने करू?