कन्सल्टन्सीवाले तक्ता भरून घेतात आणि गायब होतात

हिंजवडी_फेज३: जावा, स्प्रिंग बूट, अनुभव ६ वर्षं, नोटीस (राजीनाम्यानंतर काम करायचा काळ) ९० दिवस. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट केली की कन्सल्टन्सींच्या, म्हणजे कंपन्यांसाठी उमेदवार शोधणाऱ्या एजन्सींच्या, फोनांचा भडिमार. प्रत्येकाला तोच तक्ता हवा: एकूण अनुभव, रिलेव्हंट अनुभव, सध्याचा सीटीसी (वर्षाचं एकूण पगार पॅकेज), अपेक्षित सीटीसी, नोटीस, पॅन. पाठवला की विषय संपला, परत फोनही उचलत नाहीत. एकाच जागेसाठी तीन-तीन कन्सल्टन्सी मागे लागतात आणि कंपनीचं नाव विचारलं की 'एक मोठी एमएनसी'. रिझ्युमे वाचतात तरी का हे लोक?

बेंचवाला: सुरुवातीला नाही वाचत. डेटाबेसमध्ये कीवर्ड, अनुभव, पगार, नोटीस असे फिल्टर लावायचे आणि निघेल त्या यादीला सरसकट मेल टाकायचा. स्किलच्या रकान्यात जुनं 'मॅन्युअल टेस्टिंग' पडून असेल तर टेस्टिंगचे फोन येणारच, ते काढा. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात उमेदवार रुजू झाल्यावर, बऱ्याचदा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. नकार कळवायचे पैसे कोण देतं? शिवाय कित्येकदा कंपनीने त्यांनाही काही कळवलेलं नसतं.

जेडी_आधी_पाठवा: खरा घोळ तीन कन्सल्टन्सींचा आहे. कंपनीच्या सिस्टिममध्ये ईमेल, मोबाइल किंवा पॅनवरून उमेदवार ओळखला जातो. रिझ्युमे दोघांकडून गेला तर 'डुप्लिकेट'. सहसा आधी पाठवणाऱ्याचा हक्क धरतात, पण फी कुणाला यावरून वाद नको म्हणून उमेदवारच बाजूला टाकणारेही आहेत. म्हणून फोनवर 'हो' म्हणायचंच नाही. आधी मेलवर मागा: क्लायंटचं (भरती करणाऱ्या कंपनीचं) नाव, जॉब आयडी, जेडी (कामाचं वर्णन), बजेट, आणि पेरोल कंपनीचं की थर्ड पार्टीचं, म्हणजे नोकरीवर नक्की कोण ठेवणार. हा शेवटचा प्रश्न विचारला की निम्म्या 'एमएनसी' कॉन्ट्रॅक्टच्या निघतात! सगळं पटलं तर उत्तरात लिहा, 'फक्त या जॉब आयडीसाठी रिझ्युमे पाठवावा.' तारीख, कंपनी, आयडी, कन्सल्टन्सी एका शीटमध्ये टिपत जा.

हिंजवडी_फेज३: आणि पॅन?

जेडी_आधी_पाठवा: पहिल्या फोनवर मुळीच नाही. क्लायंटचं नाव मेलवर आल्यानंतर, तेही अडलंच तर. आधार कशाला हवं? सॅलरी स्लिप ऑफरची बोलणी सुरू झाल्यावर. 'परत मिळणारं' डिपॉझिट किंवा लॅपटॉपचे पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा.

बेंचवाला: तुमचं निम्मं दुखणं ९० दिवसांत आहे. ३० दिवसांचा फिल्टर लावला की तुम्ही यादीतूनच बाद. अपॉइंटमेंट लेटरमध्ये बायआउटचं (पैसे भरून नोटीस कमी करण्याचं) कलम आहे का बघा. असेल तर रिझ्युमेच्या वरच्याच ओळीत 'नोटीस ९० दिवस, बायआउट शक्य' लिहा. राजीनामा न देता 'सर्व्हिंग नोटीस' (नोटीस सुरू आहे) टाकू नका, शेवटचा दिवस विचारला की उघडं पडतं. पाठपुरावा मुलाखतीचा राउंड झाल्यावर तीन कामाच्या दिवसांनी, मेलवर, जॉब आयडी टाकून. तरी शांतता असेल तर लिंक्डइनवर त्या कंपनीच्या टॅलेंट अ‍ॅक्विझिशनमधला (भरती विभागातला) माणूस शोधून फक्त स्टेटस विचारा. त्याच जागेला नव्याने अर्ज केलात तर पुन्हा डुप्लिकेट.