‘आकारिक मूल्यमापन’: यातला आकार कशाला?

पदवीच्या वर्गांना शिकवते. आमच्याकडे सत्राच्या मधल्या चाचण्यांना सरसकट ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणतात आणि सत्रान्त परीक्षेला ‘संकलित’. चाचणीचे गुण पत्रकात चढतात, उत्तरपत्रिका कपाटात जातात. मग आकार येतो कशाला? शब्द चुकलाय की आम्ही तो चुकीचा वापरतोय?

प्रतिसाद

शब्द ठीक आहे, वापर चुकतोय. ‘आकारिक’ म्हणजे आकार देणारे. शिकणे चालू आहे, अजून घट्ट झालेले नाही, तेव्हाच त्याला वळण लावता येते. ‘संकलित’ म्हणजे झालेल्या शिक्षणाची गोळाबेरीज. ही जोडी मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडली, पण विद्यार्थ्यांसाठी नव्हे. अभ्यासक्रम घडत असताना पारखणे वेगळे आणि पुरा झाल्यावर पारखणे वेगळे, असे त्यांना म्हणायचे होते. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावली.

म्हणजे हे चाचणीच्या जातीचे नाव नाही, तिच्या उपयोगाचे आहे. दहा गुणांची तीच चाचणी घ्या. अर्धा वर्ग एकाच पायरीवर अडखळला हे पाहून प्राध्यापकांनी पुढचा तास बदलला, तर ती आकारिक. गुण नोंदून संपली, तर ती लहान आकाराची संकलित परीक्षा. महिन्यातून चार घेतल्या तरी तिचा स्वभाव बदलत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

हे पटलं. मग ‘प्रत्याभरण’चं, म्हणजे फीडबॅकचं काय? आम्ही उत्तरपत्रिकेवर ‘मुद्दे अपुरे’, ‘भाषा सुधारा’ असं लिहितो. तेही प्रत्याभरणच ना?

प्रतिसाद

माझ्या मते तो ‘शेरा’. मराठीत हा नेमका शब्द आहे आणि तो इथे बिनदिक्कत वापरावा. शेरा झालेल्या कामावर बसतो. प्रत्याभरणात ‘प्रति’ आहे. काहीतरी उलट जाऊन पुन्हा कामात भरले गेले पाहिजे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक रामप्रसाद यांची १९८३ ची व्याख्या याच अर्थाची आहे: प्रत्यक्ष पातळी आणि अपेक्षित पातळी यांच्यातल्या अंतराची माहिती ते अंतर बदलण्यासाठी वापरली गेली, तरच ते प्रत्याभरण. ‘मुद्दे अपुरे’ वाचून विद्यार्थी काय करणार? ‘दुसऱ्या परिच्छेदात दावा आहे, पुरावा नाही, एक उदाहरण घालून शुक्रवारी पुन्हा दाखव’ यात त्याला करण्यासारखे काही आहे. ‘पुन्हा दाखव’ हे दोन शब्द मला सगळ्यात मोलाचे वाटतात. दुसरा खर्डा बघायचाच नसेल तर समासात कितीही लिहा, ते वाया जाते.

गुणांबद्दलही एक. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शालेय मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना फक्त अभिप्राय दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फायदा फक्त अभिप्राय मिळालेल्यांना झाला. गुण सोबत आले की अभिप्रायाचा परिणाम जवळजवळ पुसला गेला. विद्यापीठात गुण टळत नाहीत हे खरे, पण ते अभिप्रायानंतर आठवड्याने कळवता येतात. मी तसे करतो. मुले आधी कुरकुरतात, मग समासातले वाचतात.

आणखी एक प्रतिसाद

थोडे मूळ शब्दांविषयी. ‘मूल्यमापन’ आणि ‘मूल्यांकन’ आपण अदलून-बदलून वापरतो. पहिल्यात माप आहे, दुसऱ्यात अंक. दोन्हींत बघणे नाही! ते आहे जुन्या ‘परीक्षे’त: परि अधिक ईक्षा, सगळ्या बाजूंनी पाहणे. ज्या शब्दाने मुलांच्या पोटात गोळा येतो, त्याचा मूळ अर्थ सर्वात मायेचा आहे, याचे मला फार वाईट वाटते.

मूळ प्रश्नकर्ती

उद्या कपाट उघडते. या सत्राच्या उत्तरपत्रिका अजून तिथेच आहेत, आणि सत्र संपायला पाच आठवडे आहेत.