मदत हवी आहे: संगीताच्या पदवीत क्रेडिट नेमके कशाचे मोजतात?

नमस्कार मंडळी,

मुलीला पियानो घेऊन संगीताची पदवी करायची आहे. घरात संगीत शिकलेलं कोणी नाही, म्हणून दोन माहितीपत्रकं समोर घेऊन चार दिवस मीच डोकं लावतोय.

पहिलं युरोपातलं, ईसीटीएस (तिथल्या विद्यापीठांची क्रेडिट मोजायची सामाईक पद्धत) पद्धतीचं. वर्षाचे ६० क्रेडिट, तीन वर्षांचे १८०. त्यात मुख्य वाद्याला वर्षाला २० क्रेडिट आणि शिकवणी आठवड्याला फक्त एक तास! संगीताच्या इतिहासाचं व्याख्यान आठवड्याला दोन तास, तरी क्रेडिट ५. आधी छपाईची चूक वाटली, पण तिन्ही वर्षांच्या तक्त्यात तेच आहे.

दुसरं अमेरिकेतलं. चार वर्षं, १२० क्रेडिट. तिथे ‘बॅचलर ऑफ म्युझिक’ आणि ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ असे दोन पर्याय दिलेत. फरक काय?

सगळ्यात जास्त काळजी ज्युरीची. वर्षाअखेरीस परीक्षकांसमोर पंधरा मिनिटं वाजवायचं. मागच्या कार्यक्रमात मधेच तिचा डावा हात थांबला, दोन ओळी गेल्या, मग तिने पुढून धरलं. असं तिथे झालं तर वीसच्या वीस क्रेडिट जातात का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

काका, छपाईची चूक नाही. मी पदवीच्या वर्गांना पियानो शिकवते, हा प्रश्न दरवर्षी येतो. क्रेडिट वर्गातल्या तासांचे नसतात, विद्यार्थ्याच्या एकूण मेहनतीचे असतात. ईसीटीएसमध्ये एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास. म्हणजे २० क्रेडिटचे किमान ५०० तास. वर्षाचे ३० आठवडे धरले तर शिकवणीचे ३० तास, उरलेले ४७० रियाजाचे. आठवड्याला जवळपास सोळा तास! इतिहासाच्या १२५ तासांत मात्र ६० वर्गातच जातात, बाकीचे वाचनाला आणि निबंधाला.

अमेरिकेतलं क्रेडिट साधारण दोन ईसीटीएसच्या बरोबरीचं धरतात, म्हणून १२० आणि १८० हे आकडे थेट ताडून बघू नका. बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये सुमारे दोन तृतीयांश अभ्यास संगीताचा असतो, बॅचलर ऑफ आर्ट्समध्ये साधारण एक तृतीयांश, बाकी इतर विषय. वादक व्हायचं पक्कं असेल तर पहिला.

क्रेडिट आणि श्रेणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तीर्ण झाली की वीसही क्रेडिट मिळतात, श्रेणी काठावरची असली तरी. अर्धे मिळत नाहीत. आणि हात थांबला म्हणून कोणी नापास करत नाही. आम्ही ताल, नाद, शैली, रचनेची समज असं सगळं ऐकतो. चुकल्यावर तिने पुढून धरलं ना, तेही ऐकतो. मूल्यमापनाच्या पानावर मात्र दोन गोष्टी नक्की बघा: शिक्षकांच्या वर्षभराच्या गुणांना किती वजन आहे आणि फेरपरीक्षा मिळते का.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. पान उघडून पाहिलं, फेरपरीक्षा आहे. शिक्षकांच्या गुणांबद्दल काही लिहिलेलं नाही, ते उद्या मेलवर विचारतो. सोळा तास म्हणजे रोजचे सव्वादोन तासांहून जास्त. सध्या तिचा रियाज होतो सव्वा तास. शाळा सांभाळून, मनगट न दुखवता तो हळूहळू कसा वाढवावा? कोणी हे केलं असेल तर जरूर लिहा.