मदत हवी आहे: आरसी गाडीच्या ईएससीचा पंखा सारखा जातोय, गणेशचवथीनंतरचा हा तिसरा

ताळगावचा_गडी
नमस्कार मंडळी. जरा लवकर उत्तर द्या, रविवारी सकाळी गाडी चालवायची आहे. रिमोटवर चालणारी (आरसी) ट्रक आहे, खऱ्याच्या १/१० आकाराची. ईएससीवरचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डब्यावरचा, पंखा परत बंद पडला. पंखा बंद असला की पाच मिनिटांत ईएससी तापतो, गाडी आचके देते आणि उभी राहते. थंड झाली की पुन्हा पाच मिनिटं. दर वेळी ऑनलाइन मागवायचा, पाच-सहा दिवस वाट बघायची, लावायचा आणि पंधरा दिवसांत परत तेच. विकणारा म्हणतो पंख्याला गॅरंटी नसते. टिकणारा पंखा कुठला ते सांगा. पणजी-म्हापशात हातोहात मिळत असेल तर तेही सांगा. बाकी गाडी एकदम ठीक आहे.

सोल्डरवाला
मोटर ब्रश्ड की ब्रशलेस? बॅटरी किती सेलची? पंख्याच्या स्टिकरवर व्होल्ट किती छापलेत? वायर ईएससीच्या पोर्टला आहे, रिसीव्हरला, की थेट बॅटरीच्या वायरींना डाग दिलाय? एवढं कळल्याशिवाय कुठला पंखा घ्यायचा ते सांगता येणार नाही.

ताळगावचा_गडी
ब्रशलेस, ६० अँपियर. पंखा ३० मिमीचा, गाडीबरोबर आलेला तसाच दर वेळी घेतो. वायर कंपनीने जशी लावली तशीच आहे, मी हात लावलेला नाही. वर्षभर चालला की पहिला पंखा! आता काय झालं तेच कळत नाही.

डिचोलीकर
चालवतोस कुठे ते सांग आधी. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत चालवली की दहा मिनिटांत पंखा तांबडा. ही धूळ पिठासारखी बारीक, बुशात, म्हणजे पंख्याचा दांडा फिरतो त्या नळीत, गेली की तेलाची चिकट लापशी होते आणि पंखा जाम. उपाय एकच. बायकांचे पातळ नायलॉनचे मोजे मिळतात, त्याचा तुकडा पंख्यावर ताणून झिपटायने बांधायचा. तीन वर्षं झाली, एक पंखा गेलेला नाही.

ताळगावचा_गडी
कधी मिरामारला, कधी बांबोळीच्या पठारावर. मोजा लावला तर हवा कशी लागणार?

मांडवीकाठी
मिरामारच्या वाळूत चालवत असशील तर बाकी काही शोधायलाच नको. घरचा एखादा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि त्या वाळूतून फिरव. काळे कण मिशीसारखे उभे राहतात. पंख्याच्या कपात आतून चुंबकाचं कडं असतं, ते हेच कण ओढून घेतं. मी एक पंखा उघडला होता. कप बाहेर काढला तर आतल्या बाजूला काळी दाढी वाढलेली आणि तांब्याच्या तारांवरचं वॉर्निश खरवडून गेलेलं. वर खारं वारं. समुद्रावर नेऊच नको, हे माझं स्पष्ट मत.

आगोंदची_ताई
विषय थोडा वेगळा आहे, पण समुद्रकिनारा आला म्हणून लिहिते. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर गाडी नेऊच नका. चाकांचे चर पिल्लांना ओलांडता येत नाहीत आणि गाडीच्या दिव्यांनी ती समुद्राऐवजी उलट दिशेला जातात. कृपया.

ताळगावचा_गडी
ताई, मी मिरामारलाच जातो, तेही सकाळी. कासवांच्या जागी कधी नेलेली नाही. मला पंख्याचं उत्तर हवंय हो.

पेट्रोलप्रेमी
मी इतकंच सांगेन, नायट्रो इंजिनाची गाडी घे. ईएससीच नाही तर पंखा कुठून जाणार? आवाजही खरा. माझी बारा वर्षं जुनी आहे.

सोल्डरवाला
नायट्रो राहू दे. गडी, गेलेले तिन्ही पंखे आहेत का? फेकले नसशील तर टेबलावर मांड. प्रत्येकाला बोटाने हलकेच फिरवून बघ. कचकच लागते की मोकळा फिरतो? नाकाजवळ नेऊन वास घे. पाती मोज. मधल्या स्टिकरचा रंग बघ. पंखा धुळीने मेला, धक्क्याने मेला की करंटाने, हे त्याच्याकडे बघूनच कळतं. न बघता चौथा मागवलास तर तोही जाईल. बॅटरी किती सेलची, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ताळगावचा_गडी
दोन खणात सापडले, तिसरा गाडीवरच आहे. पहिला: सातपैकी एका पात्याचं टोक उडालंय आणि फिरवला की थरथरतो. दुसरा: मोकळा फिरतो, पण जळका वास येतो आणि मधला स्टिकर बाजूने पिवळसर-तपकिरी झालाय. तिसरा: तसाच, वास जास्त. स्टिकरवर डीसी ५ व्होल्ट, ०.२० अँपियर. बॅटरी ३एस, म्हणजे तीन सेलची. आधी २एस होती, चवथीला भाऊ दुबईहून आला त्याने ३एस आणली. ईएससी ३एस चालवतो, डब्यावर लिहिलंय.

सोल्डरवाला
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! ईएससी ३एस चालवत असेल, पंख्याचं काय? बऱ्याच ६० अँपियरच्या ईएससींमध्ये पंख्याचा पोर्ट थेट बॅटरीला जोडलेला असतो, मध्ये काही नसतं. पूर्ण भरलेली २एस म्हणजे ८.४ व्होल्ट, ३एस म्हणजे १२.६. ५ व्होल्टचा पंखा ८.४ वर ओढूनताणून वर्षभर चालला. १२.६ वर त्याचं कॉइल आणि आतली चिप भाजून निघते. तुझे दुसरा आणि तिसरा याच कारणाने गेले. मॅन्युअल असेल तर बघ, २एसला ५ व्होल्टचा आणि ३एसला १२ व्होल्टचा पंखा लावा अशी ओळ अशा ईएससींच्या कागदात असते. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, कारण काही ईएससी पोर्टला बीईसीचे, म्हणजे रिसीव्हरसाठी बॅटरीचे व्होल्ट उतरवणाऱ्या भागाचे, ६ व्होल्टच देतात. मल्टिमीटर लाव आणि बॅटरी जोडून पंख्याच्या पोर्टवर मोज. लाल-काळ्याच्या टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नकोस.

जुनाट_रेडिओ
नवीन पंखा कशाला? लाल वायरीत एक रेझिस्टर घाला. १२.६ मधून पंख्याला ठेवायचे ६ गेले, उरले ६.६. भागिले ०.२ म्हणजे ३३ ओहम. दहा रुपयांत काम. मी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले.

सोल्डरवाला
काका, हिशेब बरोबर आहे, पण ६.६ गुणिले ०.२ म्हणजे १.३ वॅट उष्णता त्या रेझिस्टरमध्ये. किमान २ वॅटचा लागेल, आणि तो बसणार बंद बॉडीच्या आत, जिथली उष्णता बाहेर काढायला आपण पंखा लावतोय. शिवाय पंखा सुरू होताना जास्त ओढतो. बॅटरी उतरली की कधीकधी फिरायलाच लागत नाही.

जुनाट_रेडिओ
५ वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर बॉडीबाहेर काढा. काही होत नाही.

फोंडेकर
उड्या मारणाऱ्या गाडीच्या बाहेर सिमेंटचा रेझिस्टर? पहिल्याच उलटीत तुटेल काका. त्यापेक्षा सोपं म्हणजे ५ व्होल्टचाच पंखा रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लावायचा. तिथे बीईसीचे ६ व्होल्ट असतात. मी दोन वर्षं तसाच चालवतोय.

सोल्डरवाला
तुझा बीईसी स्विचिंगचा असेल. जुन्या-स्वस्त ईएससीत लीनियर असतो. तो वरचे सगळे व्होल्ट उष्णता करून टाकतो, आणि ३एसवर सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंगची मोटर, आधीच त्याला तापवत असतो. त्यात पंख्याची भर. चालेल, पण बीईसी दमला तर स्टिअरिंगच जातं, गाडी सरळ भिंतीत.

फोंडेकर
माझी कधी गेली नाही.

सोल्डरवाला
तुझी नाही गेली. माझी गेली आहे. बांबोळीच्या पठारावर, भरधाव, जांभ्या दगडाच्या गडग्यात. पुढचे दोन्ही आर्म तुटले. म्हणून सांगतोय.

लायपो_जपा
सगळ्यांसाठी महत्त्वाचं: बॅटरी वापरत नसाल तेव्हा दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरून कपाटात ठेवलेल्या बॅटऱ्या फुगतात. आपल्याकडच्या उकाड्यात तर लवकरच.

ताळगावचा_गडी
मोजलं. पोर्टवर १२.४. म्हणजे सोल्डरवाले म्हणतात तेच. पण मग पहिल्याचं काय? त्याला वास नाही.

मांडवीकाठी
पातं उडालंय ना? बॉडी उचल आणि आतल्या बाजूला, पंख्याच्या बरोबर वर, बॅटरी धरून बघ.

ताळगावचा_गडी
बॅटरी?

मांडवीकाठी
टॉर्च रे, विजेची बॅटरी. आमच्या घरी तोच शब्द. बॉडीला आतून गोल चरा पडलाय का बघ.

ताळगावचा_गडी
आहे! रुपयाएवढा गोल, कंपासने काढल्यासारखा. रंग निघून पारदर्शक झालाय.

मांडवीकाठी
झालं तर. गाडी उलटी पडली की लेक्सनची (पातळ प्लास्टिकची) बॉडी आत दबते आणि फिरत्या पात्यांवर बसते. एक टोक उडालं की पंखा तोल जाऊन थरथरतो आणि बुश खातो. बॉडीचे खांब एक भोक वर घे आणि पंख्यावर तारेची जाळी बसव. जाळीचे स्क्रू आवळताना मात्र हात हलका. हे ३० मिमीचे फ्रेम पातळ असतात, कोपरा वाकला की पाती कडेला घासतात. स्क्रू लागला की पाव फेरी मागे.

डिचोलीकर
आणि मोजा.

मांडवीकाठी
मोजा वाळूसाठी ठीक आहे, तुमच्या धुळीसाठी नाही. पिठासारखी धूळ नायलॉनवर थर धरते. पंखा फिरत राहतो, आपल्याला वाटतं चालतोय, पण हवा शून्य.

डिचोलीकर
दर बॅटरीनंतर झटकायचा. मी झटकतो. म्हणूनच टिकलेत.

मांडवीकाठी
झटकत असाल तर मान्य.

शिवणयंत्र_ताई
साफ करायची पद्धतही सांगते, कारण माझ्या मुलाने अशानेच एक घालवला. पंपावरच्या हवेच्या पाइपने पंखा उडवू नका. तो कधी फिरायचा नाही इतक्या वेगाने फिरतो आणि बुश जातो. पात्यांत टूथपिक अडकवून धरा, मग मऊ ब्रशने झाडा. कचकचत असेल तर मागचा स्टिकर अर्धा उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच, आणि स्टिकर परत दाबा. गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो असलेलं तेलही धुऊन नेतो. समुद्रावरून आल्यावर ओल्या फडक्याने मीठ पुसून पंखा सुकवायचा. ईएससी वॉटरप्रूफ असला तरी वरचा पंखा बहुधा नसतो.

ताळगावचा_गडी
छान. आता १२ व्होल्टचा ३० मिमीचा पंखा रविवारच्या आत कुठे मिळेल?

फोंडेकर
थ्रीडी प्रिंटरला हाच पंखा लागतो, ३० बाय ३० बाय १०. आम्ही फर्मागुढीला कॉलेजात प्रिंटर चालवतो, माझ्याकडे १२ व्होल्टचे दोन पडून आहेत. प्रिंटरवाल्याकडून स्वतः घेशील तर स्टिकर वाच, २४ व्होल्टचेही तसेच दिसतात आणि तुझ्या गाडीवर ते जेमतेम हलतील. शनिवारी मी पणजी बसस्टँडवर उतरतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. प्लग वेगळा आहे, जुन्या पंख्याची वायर कापून जोडावी लागेल. लाल ला लाल. उलटी जोडलीस तर आतली चिप जाऊ शकते.

गियरबॉक्स
सगळे पंख्यावर तुटून पडलेत, मला मूळ दुखणं वेगळं दिसतं. २एसवरून ३एसवर गेलास तेव्हा पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, बदललंस का?

ताळगावचा_गडी
नाही. १५ दातांचं आहे, तेच.

गियरबॉक्स
मग पंखा चांगला असला तरी ईएससी आणि मोटर दोन्ही भाजतील. व्होल्ट दीडपट झाले, त्याच गियरवर मोटर मऊ वाळू तुडवतेय. पिनियन ११ किंवा १२ चं कर. ईएससी साधारण १०० ते ११० अंशांना स्वतः बंद होतो, तुझी गाडी आचके देते ते त्याचमुळे. पंखा पाच-दहा अंशांची मदत करतो, चुकीचं गियर झाकत नाही.

सोल्डरवाला
पाच-दहापेक्षा बराच जास्त फरक पडतो, बंद बॉडीत तर नक्कीच. पण पिनियनचं बरोबर आहे. माझ्याकडून ते विचारायचं राहिलं.

ताळगावचा_गडी
रविवारचा अहवाल. शनिवारी फोंडेकरांनी पंखा दिला, पैसे घेतले नाहीत, त्यांचे मनापासून आभार. १२ दातांचं पिनियन भावाच्या डब्यात निघालं. जाळी लावली, खांब एक भोक वर घेतले. बांबोळीला दोन बॅटऱ्या पूर्ण चालवल्या, एक आचका नाही. पिस्तुलासारखा तापमापक शेजाऱ्यांकडून आणला होता, दुसऱ्या बॅटरीच्या शेवटी ईएससी ७१ अंश. गाडी तीनदा उलटली, गोल चरा पुढे वाढलेला नाही. मिरामारला आता नेणार नाही. चुंबक फिरवून पाहिला, काळी मिशी खरंच उभी राहते. एक शंका उरली: भाचा आला की २एस लावतो, तेव्हा हा पंखा चालेल ना?

सोल्डरवाला
जळणार नाही, पण ८.४ वर हळू फिरेल, हवा कमी. १२ दातांवर २एस तशी गार चालते, तरी पहिल्या दिवशी पाच मिनिटांनी तापमापक लाव. ८० च्या वर गेला तर २एससाठी ५ व्होल्टचा पंखा वेगळा ठेव आणि त्याच्या प्लगला पिवळी टेप गुंडाळ, म्हणजे भाचा तो ३एसवर लावणार नाही.

ताळगावचा_गडी
पिवळी नाही, लाल टेप होती. गुंडाळली.