मदत हवी आहे : कोसंबी आडनावाच्या संशोधकांची लेखनसूची वेगळी कशी करावी?

नमस्कार मंडळी. धर्मानंद कोसंबी (1876–1947), त्यांचे चिरंजीव दामोदर (1907–1966) आणि नात मीरा या तिघांची लेखनसूची तयार करते आहे. मीराताईंचं लेखन समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यासातलं, ते सहज बाजूला निघतं. खरा गुंता बापलेकांचा आहे. इंग्रजीत दोघेही 'डी. डी. कोसंबी'!

विषयावरून वेगळं काढावं म्हटलं तर तेही जमत नाही. धर्मानंदांचं क्षेत्र पाली आणि बौद्ध साहित्य, पण दामोदर गणिती असूनही नाणकशास्त्र, इतिहास, संस्कृत पाठसंपादन असं सगळीकडे आहेत. जनुकशास्त्रात आजही वापरलं जाणारं 'कोसंबी फलन' (जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र) त्यांच्याच 1944च्या लेखातलं. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये तर लागोपाठचे दोन खंड, 41वा (1950) आणि 42वा (1957), अनुक्रमे वडील आणि मुलगा यांच्या संपादनाशी जोडलेले आहेत. आपोआप चालणारी कुठलीही वर्गवारी इथे फसणारच. शिवाय दामोदरांनी काही गणिती लेख 'एस. डुक्रे' या टोपणनावाने छापले, ते आडनावाच्या शोधात येतच नाहीत.

संशोधकांना ओळखीसाठी दिले जाणारे ऑर्किड क्रमांक 2012 पासूनचे, त्यामुळे या दोघांसाठी त्यांचा उपयोग नाही. ग्रंथालयशास्त्रातल्या कुणी सांगेल का, अशा वेळी नोंदीत पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं पुरतात, की व्हीआयएएफसारखा (जगभरच्या ग्रंथालयांतल्या लेखकनोंदी एकत्र जोडणारा) क्रमांकही जोडावा? आणि टोपणनावाचे लेख मूळ नावाखाली घ्यावेत की स्वतंत्र नोंद करून तिथून निर्देश द्यावा? झोटेरोमध्ये (संदर्भसूची ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) हे कुणी केलं असेल तर पद्धत जरूर कळवा.