मदत हवी आहे: मामांसाठी सिंगल माल्ट व्हिस्की घ्यावी की ब्लेंडेडच बरी?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. माझे मामा महिनाअखेरीस निवृत्त होतायत, त्यांना एक चांगली बाटली द्यायचीय. त्यांचं वर्षानुवर्षं ठरलेलं आहे: शनिवारी रात्री टीचर्स या ब्लेंडेड व्हिस्कीचे दोन पेग, निम्मं पाणी, बर्फ अजिबात नाही, सोबत वाटीभर भडंग, वरून बारीक चिरलेला कांदा.

मित्र म्हणतात, द्यायचीच तर सिंगल माल्ट दे. एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीची, हे मान्य. ब्लेंडेडमध्ये मका-गहू अशा धान्यांची ग्रेन व्हिस्की मिसळतात, म्हणून ती स्वस्त पडते. पण स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, असेल तर दोन्ही किमान 3 वर्षं ओकच्या पिंपात मुरलेल्या असतात. शिवाय टीचर्समध्ये आर्डमोर डिस्टिलरीची धुरकट माल्ट असते आणि मामांना नेमका तोच धूर आवडतो. मिसळलेली म्हणजे हलक्या दर्जाची, हे मला पटत नाही.

12 वर्षांची ग्लेनफिडिक ही सिंगल माल्ट बघितली, पण ती फळांच्या चवीची, धूर नाही. जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल ब्लेंडेड, पण तीही 12 वर्षांचीच, धुरकट आणि खिशाला परवडणारी. की अमृत या भारतीय कंपनीची पीटेड (पीटच्या धुराची) सिंगल माल्ट घेऊ? निम्मं पाणी घातल्यावर चव कुणाची टिकते? दोन्ही प्यायलेल्यांनी कृपया सांगा.